यूजर्समधलं फोल्डर हातानं उडवू नका

डिप्लोमा झाल्यावर वर्गातली निम्मी पोरं पुण्याला, निम्मी बेंगळूरला गेली, मी घरच्या अडचणीमुळं बेळगावातच राहिलो आणि उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात ‘सिस्टम बघणारा’ म्हणून लागलो. सिस्टम बघणारा म्हणजे प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मीच आणि सर्व्हर बसला तरी मीच. चाळीसेक कॉम्प्युटर, दोन शिफ्ट, आणि क्वालिटी, डिस्पॅच, स्टोअरची माणसं जिथं खुर्ची रिकामी तिथं बसणार, म्हणून विंडोजची रोमिंग प्रोफाइल, म्हणजे प्रत्येकाचा डेस्कटॉप, फाईली आणि सेटिंग्ज (हेच त्याचं प्रोफाइल) सर्व्हरवर, कुठंही बसलं तरी आपलंच दिसतं. लॉगिनला सर्व्हरवरनं कॉपी येते, लॉगऑफला बदल परत जातात, हे तुम्हाला माहीत असणारच, त्यावर वेळ घालवत नाही. मला जिथं दणका बसला ते सांगतो.

क्वालिटीच्या टेबलावरच्या मशीनला १२८ जीबीची एसएसडी. तिथं कोण ना कोण बसून जायचं, प्रत्येकाच्या प्रोफाइलची कॉपी मागं राहायची, आणि एक दिवस सी ड्राइव्ह लालभडक. मी आमच्या एका सीनियरला फोन लावला. ते म्हणाले, “सी ड्राइव्हच्या यूजर्समध्ये जा, मोठी फोल्डरं बघून उडव, सर्व्हरवर कॉपी हाय की, परत लॉगिन केलं की येतंय.” मी शिफ्ट-डिलीट मारून चार फोल्डरं उडवली. बरीच जागा मोकळी झाली, मशीन पळायला लागलं, मी बाहेर जाऊन चहा पिऊन आलो, एकदम खूश.

दुसऱ्या दिवशी सेकंड शिफ्टला क्वालिटीतले काका त्या मशीनवर बसले. डेस्कटॉप कोरा. कोपऱ्यात काहीतरी मेसेज आला तो त्यांनी बंद केला, त्यांना वाटलं पोरानं काहीतरी नवीन केलंय. मग शिफ्टभर बसून त्यांनी रिजेक्शनचं शीट केलं, हीट नंबरप्रमाणे (भट्टीच्या प्रत्येक घाण्याचा नंबर), कास्टिंगमध्ये ब्लो होल म्हणजे हवेची भोकं किती, सँड इन्क्लुजन म्हणजे अडकलेली वाळू किती, कस्टमरची माणसं दोन दिवसांनी येणार होती. डेस्कटॉपवर सेव्ह केलं, नेमानं लॉगऑफ केलं आणि घरी गेले. सकाळी मला हाक, “काय रे, माझी फाईल कुठं गेली?” सर्व्हरवर नाही, सी मध्ये नाही, रिसायकल बिनमध्ये नाही. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवून बघितलं, एसएसडीवरनं काय मिळतंय, काही नाही.

झालं काय ते नीट समजून घ्या, कारण हे कोणी सांगत नाही. कोणाचं प्रोफाइल या मशीनवर कुठल्या फोल्डरात आहे याची नोंद विंडोज रजिस्ट्रीत, म्हणजे स्वतःच्या सेटिंग्जच्या वहीत ठेवतं, प्रोफाइललिस्ट नावाच्या की खाली, प्रत्येक यूजरच्या एसआयडीनं, म्हणजे त्याच्या ओळख नंबरानं. तुम्ही फोल्डर हातानं उडवलं तरी ती नोंद तशीच राहते. म्हणजे उताऱ्यावर घर आहे आणि जाग्यावर नुसतं मैदान. यूजर लॉगिन करतो, विंडोज नोंद बघून त्या पत्त्यावर जातं, तिथं काही नाही, मग त्याला टेम्पररी प्रोफाइलमध्ये, सी यूजर्समधल्या टेम्प नावाच्या फोल्डरात बसवतं. सगळं चालतं, एक्सेल उघडतंय, प्रिंट येतेय, शंका यायला जागाच नाही. आणि लॉगऑफ केलं की तो टेम्प पुसला जातो आणि सर्व्हरवर त्यातलं काहीही जात नाही. परत लॉगिन केलं की परत टेम्प. आपोआप सुधारत नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या घडामोडींच्या नोंदीत, १५११ नंबरचा इव्हेंट पडलेला असतो, पण तो बघायला कोण जातंय.

म्हणून कोणी “डेस्कटॉप रिकामा झालाय” म्हणून फोन केला तर पहिलं वाक्य एकच, लॉगऑफ करू नका. रीस्टार्ट पण नाही. कमांड प्रॉम्प्ट उघडून सेट यूजरप्रोफाइल टाईप करायला सांगा, पुढं टेम्प दिसला तर केलेलं सगळं आधी सर्व्हरच्या शेअरवर कॉपी करून घ्या, मग पुढचं. आमचे काका अजून घरी जाताना हाक मारतात, “टेम्प नाही न्हवं रे? जाऊ काय?”

जागा करायची बरोबर वाट म्हणजे सिसडीएम डॉट सीपीएल चालवा, ॲडव्हान्स्ड टॅब, यूजर प्रोफाइल्सच्या सेटिंग्ज, तिथनं यूजर निवडून डिलीट. यानं फोल्डर आणि नोंद दोन्ही जातात, सर्व्हरवरची कॉपी शाबूत राहते. बटण पुसट दिसत असेल तर तो यूजर कुठंतरी आत अडकलाय, मशीन रीस्टार्ट करून बघा. आणि माझ्यासारखा घोळ झालेलाच असेल तर प्रोफाइललिस्टमध्ये त्या यूजरची नोंद शोधा, बऱ्याचदा एकाच एसआयडीच्या दोन दिसतात, एकीच्या शेवटी डॉट बॅक असतं. आधी त्या एक्स्पोर्ट करून ठेवा, सर्व्हरवरची कॉपी नीट आहे का बघा, मग यूजर बाहेर असताना दोन्ही काढा, रीस्टार्ट, आणि लॉगिनला सर्व्हरवरनं ताजं प्रोफाइल येतं. हात थरथरतात पहिल्यांदा, माझे पण थरथरले होते, काही होत नाही.

ग्रुप पॉलिसीत, म्हणजे सर्व्हरवरनं सगळ्या मशीनना नियम लावायची सोय असते त्यात, एक सेटिंग आहे, टेम्पररी प्रोफाइलवर लॉगिनच होऊ देऊ नका अशा अर्थाची. मी ती चालू केली. लोक ओरडतात, “आत जाता येईना!” ओरडू देत. ओरडा परवडला, गेलेली शिफ्ट परवडत नाही.

सीनियर लोकांबद्दल एक बोलतोच. फोनवर अर्ध्या मिनिटात शॉर्टकट सांगणारा माणूस वाईट नसतो, पण त्याच्या पुढं तुमचं मशीन नसतं आणि सकाळी काकांसमोर तो उभा राहत नाही. मला खरं शिकवलं ते अकाउंट्समधल्या मॅडमनी, त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, पण त्या कुठलीही एंट्री काढायच्या आधी प्रिंट काढून ठेवतात.

बाकी पटापट. आमच्याकडं हेस्कॉमची लाईट गेली आणि यूपीएस मेला की लॉगऑफ होत नाही, म्हणजे बदल त्याच मशीनवर अडकतात, दुसऱ्या टेबलावर बसलं की जुनं दिसतं. कोणी दोन मशीनवर एकदम लॉगिन राहिलं तर सेटिंग्जची एनटीयूजर डॉट डॅट ही अख्खी फाईल शेवटी लॉगऑफ करणाऱ्याची टिकते. कन्नड कीबोर्ड त्यातच असतो, तो गेला की सरकारी पत्रं टाईप करणारे तुम्हाला शोधत येतात, “सर, कीबोर्ड एल्ली होय्तु?”, म्हणजे कीबोर्ड कुठं गेला? विंडोज ७ चं प्रोफाइल सर्व्हरवर डॉट व्ही २ च्या फोल्डरात, विंडोज १० च्या १६०७ व्हर्जनपासून डॉट व्ही ६, त्यामुळं मशीन बदललं की डेस्कटॉप कोरा दिसणारच, तिथं घाबरायचं नाही, जुनं फोल्डर जाग्यावर असतं. यूजरच्या प्रोफाइल पाथमध्ये ते व्ही वगैरे हातानं लिहू नका, विंडोज स्वतः जोडतं. आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स फोल्डर रिडायरेक्शननं, म्हणजे ती फोल्डरं कॉपी न करता थेट सर्व्हरवरच ठेवायच्या सोयीनं, सर्व्हरवर काढाच, नाहीतर कोणीतरी लग्नाचे फोटो डेस्कटॉपवर ठेवणार आणि लॉगिन होईपर्यंत त्याचा चहा पिऊन होणार.

नवीन असाल तर घरीच मोडून बघा. विंडोज सर्व्हरची इव्हॅल्युएशन कॉपी १८० दिवस चालते, व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका कॉम्प्युटरात खोटे कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर) एक सर्व्हर आणि दोन क्लायंट टाका, रॅम आठ जीबी असेल तर रडतखडत चालतं, सोळा असेल तर बरं. एक यूजर बनवा, त्याचं फोल्डर मुद्दाम हातानं उडवा, लॉगिन करून टेम्प बघा, त्यात एक फाईल ठेवून लॉगऑफ करा. फक्त सुरू करायच्या आधी स्नॅपशॉट, म्हणजे परत मागं येता येईल अशी त्या क्षणाची प्रत, घ्या, आणि लाईट असताना घ्या.