लग्नाचा वाढदिवस, आपली गाडी आणि नेपाळ: हे सगळं नीट कसं जमवायचं

लग्नाच्या वाढदिवसाला स्वतःची गाडी काढून नेपाळला जायचं म्हटलं की घरातले पहिलं वाक्य म्हणतात, "एवढ्या लांब? त्यापेक्षा महाबळेश्वरला जा की." पण मनापासून सांगते, ही ट्रिप दोघांना व्यवस्थित जमते. पुण्या-मुंबईहून सोनौली बॉर्डर साधारण सतराशे-अठराशे किमी आहे, भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही, आपलं लायसन्स तिथे चालतं, गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात आणि पाट्या देवनागरीत असल्यामुळे परक्या देशात आल्यासारखं फार वाटतही नाही. एकच गोष्ट पक्की धरायची. प्लॅन नकाशा बघून नाही, तारीख बघून करायचा.

आधी तारीख धरा, मग उलटं मोजा

वाढदिवसाच्या दिवशी गाडीच्या चावीला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. बरेच जण त्याच दिवशी दोनशे किमी घाट चढून रात्री हॉटेलला पोचतात आणि मग दोघंही इतके दमलेले असतात की केक कापून सरळ झोपतात. त्यापेक्षा तो दिवस तलावाकाठच्या पोखरा शहरात ठेवा आणि तिथून मागे मोजत या: आदल्या दिवशी तानसेन, म्हणजे घाटातलं एक जुनं गाव, ते पोखरा, त्याच्या आधी लुंबिनी ते तानसेन, त्याच्या आधी बॉर्डर आणि लुंबिनी, आणि त्याआधी घरापासून गोरखपूरपर्यंत चार दिवस. वर एक दिवस राखीव, म्हणजे आठ दिवस आधी घर सोडायचं, आणि परतीसकट सगळी मिळून सतरा दिवसांची रजा लागेल. तेवढी मिळत नसेल तर वाराणसीपर्यंत विमानाने जाऊन पुढे टॅक्सी करा, पण बाय रोडचा हट्ट धरून चार दिवसांचा रस्ता दोन दिवसांत कापू नका.

सीझन ऑक्टोबरचा शेवट ते डिसेंबरची सुरुवात, किंवा मार्च-एप्रिल. पावसाळ्यात वाढदिवस येत असेल तर सरळ नोव्हेंबरमध्ये साजरा करा, हे मी अगदी कळकळीने सांगते. नेपाळच्या घाटात पावसात दरड कोसळणं नेहमीचंच आहे, जुलै २०२४ मध्ये नारायणघाट-मुगलिंग रस्त्यावर सिमलतालजवळ दोन बसेस दरडीबरोबर त्रिशूली नदीत गेल्या होत्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास दसैं आणि तिहार, म्हणजे त्यांचा दसरा-दिवाळी, त्या आठवड्यात सगळा देश गावाकडे निघालेला असतो, तेव्हा रस्त्याला तुफान गर्दी. तिहार संपला की मग हवा स्वच्छ, रस्ते मोकळे, हिमालय लख्ख दिसतो. आणि दोन्हीकडच्या बातम्या बघून निघा, निवडणुकीच्या वेळी बॉर्डर दोन-तीन दिवस बंद ठेवतात.

कागदपत्रं महिनाभर आधी

ओळखपत्र म्हणून पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. आधार कार्डाच्या भरवशावर जाऊ नका, ते १५ वर्षांखालच्या आणि ६५ च्या वरच्या लोकांसाठी धरतात, बाकीच्यांना नाही. जोडप्यांच्या बाबतीत इथे एक गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे बायकोचं नाव मतदार कार्डावर माहेरचं आणि बाकी सगळीकडे सासरचं, किंवा उलटं. निघायच्या आधी सगळी कार्डं टेबलावर शेजारी शेजारी ठेवून बघा, नाव जुळत नसेल तर मॅरेज सर्टिफिकेटची झेरॉक्स बरोबर घ्या.

गाडीचं आरसी, पीयूसी, इन्शुरन्स, दोघांचं लायसन्स, सगळं ओरिजिनल आणि दोन-दोन झेरॉक्स. मोबाईलमधलं डिजिलॉकर बॉर्डरपलीकडे कोणी बघत नाही असं धरूनच चला. गाडी वडिलांच्या किंवा कंपनीच्या नावावर असेल तर मालकाचं सहीशिक्क्याचं परवानगीपत्र लागेल.

इन्शुरन्सचं नीट ऐका. आपली नेहमीची मोटार पॉलिसी भारतापुरतीच असते. नेपाळसाठी विमा कंपनीकडून भौगोलिक क्षेत्र वाढवल्याचं एंडोर्समेंट घ्यावं लागतं, त्यात नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका असे शेजारी देश येतात. प्रीमियम फार नसतो पण एजंट स्वतःहून सांगत नाही, तुम्ही मागायचं आणि हातात कागद घ्यायचा, त्यावर नेपाळचं नाव आहे ना ते डोळ्यांनी वाचायचं.

घरापासून गोरखपूर

हा भाग पटकन सांगते. पहिला दिवस नागपूर, समृद्धी महामार्गाने. पूर्ण ७०१ किमीचा रस्ता आता सुरू आहे, सरळसोट आहे आणि नेमका तोच त्याचा धोका आहे, डोळ्यांवर झापड येते आणि टायर तापतात. निघताना टायरची हवा आणि घासलेली बाजू बघा, दर दीड-दोन तासांनी थांबून ड्रायव्हर बदला. दुसरा दिवस जबलपूर, पेंचच्या जंगलातून जाणारा रस्ता प्राण्यांसाठी उंच उचललाय, खालून वाघ-हरणं जातात. वेळ उरला तर भेडाघाट. तिसरा दिवस मैहर-रीवावरून वाराणसी, हा दिवस लांब आहे, पहाटे निघा. चौथा गोरखपूर, आणि संध्याकाळी गोरखनाथ मंदिरात जरूर जा. निवृत्तीनाथांचे गुरू गहिनीनाथ आणि त्यांचे गुरू गोरक्षनाथ, म्हणजे आपली ज्ञानेश्वर माउलींची परंपरा इथवर येऊन पोचते, मराठी माणसाला तिथे उभं राहिल्यावर काहीतरी वेगळंच वाटतं.

मुक्काम गोरखपूरलाच करा, सोनौलीत नको. इथून बॉर्डर शंभरेक किमी, सकाळी सहाला निघालात तर नऊच्या आत पोचता.

बॉर्डर

सोनौलीच्या अलीकडे ट्रकची लांबच लांब रांग लागलेली दिसेल, ती बघून घाबरू नका, ती मालवाहतुकीची आहे, कार बाजूने पुढे जातात. आपल्या बाजूला तपासणी होते, कमान ओलांडली की पलीकडे बेलहिया, तिथे नेपाळचं कस्टम ऑफिस, ज्याला भन्सार म्हणतात. गाडी कडेला लावायच्या आतच दोन-चार माणसं खिडकीशी येतील, "सर, पास बनवा देंगे, पाँच मिनट में." नम्रपणे नाही म्हणा आणि स्वतः खिडकीवर जा. एकाने गाडीत बसायचं, सामान-मोबाईल सांभाळायचा, दुसऱ्याने कागदांची फाइल घेऊन रांगेत उभं राहायचं. फॉर्मवर गाडीचा नंबर, ड्रायव्हरचं नाव, कुठे जाणार आणि किती दिवस एवढंच असतं. फी दिवसाप्रमाणे, कारला दिवसाला काहीशे नेपाळी रुपये, पावती घ्यायचीच. परदेशी खासगी गाडी वर्षात जास्तीत जास्त ३० दिवस ठेवता येते.

दोन गोष्टी इथे अजिबात विसरायच्या नाहीत. दिवस मोजताना तुमच्या प्लॅनपेक्षा दोन दिवस जास्तीचे भरा, कारण एखादी दरड, एखादं आजारपण, काहीही होऊ शकतं, आणि मुदत उलटून गाडी आत राहिली तर दंड बसतो. दुसरं म्हणजे पावतीवरची तारीख विक्रम संवतातली असते, २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये तिथे २०८२ साल चालू असतं आणि महिने कात्तिक, मंसिर असे. ते महिने त्यांच्या पंचांगाचे असतात, आपल्या कार्तिकाशी तारीख जुळेलच असं नाही, म्हणून खिडकीवरच्या माणसाला शेवटची तारीख इंग्रजी कॅलेंडरप्रमाणे कोणती ते विचारा आणि पावतीच्या मागे पेनाने लिहून ठेवा. मग फोटो काढा, दोघांच्याही मोबाईलमध्ये.

नुसता जवळच्या बाजारापर्यंतचा दिवसाचा पास वेगळा असतो, तो घेऊन पुढे पोखऱ्याला जायचं नसतं.

पैशांचं सोपं आहे, १०० भारतीय म्हणजे १६० नेपाळी, हा दर १९९३ पासून तसाच बांधलेला आहे. शंभराच्या नोटा भरपूर न्या, मोठ्या नोटांची कटकट नको. मार्च २०२४ पासून फोनपेच्या क्यूआरवर आपलं यूपीआय चालायला लागलंय, हे फोनपे म्हणजे तिथली नेपाळी कंपनी, आपल्याकडचं ॲप नव्हे. शहरात खूप सोय होते पण घाटातल्या टपरीवर रोखच. सिमकार्ड एनसेल किंवा नेपाळ टेलिकॉमचं, बॉर्डरवरच ओळखपत्र आणि फोटो देऊन मिळतं. घड्याळ १५ मिनिटं पुढे करा.

लुंबिनी, तानसेन, पोखरा

बॉर्डरपासून भैरहवा चार-पाच किमी, तिथून लुंबिनी आणखी वीसेक किमी. मायादेवी मंदिर, बुद्धाच्या जन्मस्थळाची ती शिळा, शेजारी अशोकाचा स्तंभ आणि त्यावरचा ब्राह्मी लेख, सम्राट स्वतः इथे आला होता आणि त्याने गावाचा कर कमी केला असं त्यात कोरलंय. डॉ. बाबासाहेब आंबेडकर नोव्हेंबर १९५६ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला आले होते, धम्मदीक्षेनंतर महिन्याभरातच. म्हणून महाराष्ट्रातून येणाऱ्या कित्येकांसाठी लुंबिनी हे नुसतं वाटेतलं ठिकाण नाही, इथे घाई करू नका, संध्याकाळ पूर्ण द्या.

दुसऱ्या दिवशी बुटवल ओलांडलं की लगेच घाट सुरू. सिद्धबाबाचा टप्पा दगड पडण्यासाठी प्रसिद्ध आहे, तिथे फोटोला थांबायचं नाही. बुटवलपासून चाळीसेक किमीवर तानसेन, आणि हे गाव लोक का सोडून जातात मला कळत नाही! चढउताराच्या फरसबंद गल्ल्या, नेवार समाजाची जुनी घरं, ढाका नावाचं नक्षीदार कापड विणणारे माग. वाढदिवसाची वस्तू घ्यायची तर इथे घ्या: पाल्पाचा, म्हणजे या तानसेनच्याच जिल्ह्याचा, करुवा, पितळी-काशाचा, गोल पोटाचा, बाजूला नाजूक तोटी असलेला पाण्याचा तांब्या. दुकानात दोन-तीन हातात घेऊन बघा, चांगला करुवा बोटाने वाजवला की आवाज बराच वेळ घुमत राहतो. जेवणात चुकौनी मागा, दह्यातली बटाट्याची, आपल्या कोशिंबिरीच्या जवळची पण वरून मेथीदाण्यांची फोडणी दिलेली.

तानसेनहून काली गंडकीच्या काठावर राणीमहाल आहे. खड्गशमशेर राणाने आपली बायको तेजकुमारी हिच्या आठवणीत १८९० च्या दशकात बांधलेला वाडा, नदीच्या वळणावर खडकावर एकटाच उभा. रस्ता खडबडीत आहे, आपली गाडी न नेता स्थानिक जीप घ्या. आपल्या देवघरातला शाळिग्राम याच काली गंडकीतला, वाढदिवस कार्तिकात असेल आणि घरी तुळशीचं लग्न होत असेल तर ती नदी बघताना दोघांनाही घरची आठवण येईल.

तानसेन ते पोखरा अंतर सव्वाशे किमीच्या आसपास, पण पाच तास धरा. वळणं संपता संपत नाहीत. पोखऱ्यात तीन रात्री ठेवा, हॉटेल लेकसाइडला, म्हणजे तलावाकाठच्या भागात, पण मुख्य रस्त्याच्या एक गल्ली आत, पार्किंग आहे का ते फोनवर विचारून.

वाढदिवसाचा दिवस असा घालवा: पहाटे टॅक्सीने सराङकोटच्या टेकडीवर, थर्मासमधला चहा बरोबर. आधी फक्त अंधारात काळी कड दिसते, मग ६,९९३ मीटरच्या माछापुच्छ्रेचं टोक गुलाबी होतं आणि तो रंग हळूहळू खाली उतरत अन्नपूर्णेच्या रांगेवर पसरतो. आठ-नऊनंतर ढग येऊ शकतात म्हणून पहाटच धरायची. मग खाली येऊन झोप काढा. दुपारी थकाली थाळी, भात-डाळ-भाजी, गुंद्रुक (आंबवून वाळवलेली पालेभाजी), वर तूप, आणि वाढायला परत परत येतात. शाकाहारी असाल तर आधीच सांगा, आणि मोमो मागवताना मेनूत बफ लिहिलेलं असेल तर ते म्हशीचं मांस हे लक्षात ठेवा. संध्याकाळी फेवा तलावात होडी, लाइफ जॅकेट घालून, मधल्या बेटावर तालबाराहीचं देऊळ. एवढं पुरे आहे, त्या दिवशी अजून काही कोंबू नका.

काठमांडू या ट्रिपमध्ये घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. पशुपतिनाथाचं दर्शन हवंच असेल तर गाडी पोखऱ्यात ठेवून टुरिस्ट बसने जाऊन या, त्यासाठी दिवस वेगळे वाढवा.

तिथे गाडी चालवताना

अंधार पडायच्या आत मुक्काम. घाटात चढणाऱ्या गाडीला वाट द्या, उताराला दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, ब्रेक दाबून धरू नका. शेजारी बसलेल्याने घाटात झोपायचं नाही, त्याचं काम रस्ता बघायचं. दारू पिऊन चालवण्याबाबत तिथले ट्रॅफिक पोलीस फार कडक आहेत, आदल्या रात्रीचंही जपून. सीएनजी गाडी असेल तर पेट्रोलवरच चालवायची हे धरा, टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. ड्रोन नेऊ नका, परवानगीशिवाय चालत नाही.

परतताना

परतीला मुगलिंग-नारायणघाटमार्गे चितवनला उतरा, सौराहाला दोन रात्री. हे जंगल १९७३ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, एकशिंगी गेंडा जीप सफारीत बऱ्याचदा दिसतो, हत्तीवरून फिरण्यापेक्षा जीप किंवा होडी निवडा. तिथून बुटवलपर्यंतच्या रस्त्याचं रुंदीकरण बरीच वर्षं चाललंय, धूळ आणि खड्डे असतात, काचा बंद ठेवा आणि दोन तास जास्तीचे धरा.

बेलहियाला भन्सारची पावती दाखवून गाडी परत गेल्याची नोंद करून घ्या, कमान आली म्हणून तशीच पुढे काढू नका, नोंद राहिली तर पुढच्या वेळी गाडी नेताना अडचण येते. गोरखपूरच्या टोलआधी फास्टॅगमध्ये पैसे आहेत का बघा, आणि घरापर्यंतचे चार दिवस चारच ठेवा.