जाम झालेला फॅन क्लच काढताय? या चुका टाळा

गाडी तापते म्हटलं की पोरं पहिला हात फॅन क्लचला घालतात. रेडिएटरमागचा पंखा वॉटर पंपाच्या पुलीला जोडणारा, गरजेप्रमाणे पकडणारा-सोडणारा हा तेलाचा डबा. आधी तो खरंच गेलाय का ते तरी बघा. इंजिन बंद आणि थंड असताना पंखा हाताने फिरवा. थोडा जड फिरायला हवा. गरगर फिरत राहिला, थंड असूनही हललाच नाही किंवा क्लचच्या तोंडाशी तेलाचे ओघळ दिसले, तर खुशाल काढा. सकाळी स्टार्टर मारल्यावर पंखा थोडा वेळ घोंघावतो आणि मग शांत होतो, ते दुखणं नाही. रात्रभरात आतलं सिलिकॉन तेल खाली उतरलेलं असतं, ते पसरेपर्यंत क्लच पकडून राहतो. एवढ्या आवाजावर नवा क्लच गळ्यात मारणारे महाभाग आपल्याकडे कमी नाहीत.

आता सगळ्यात जास्त दिसणारी चूक: आधी बेल्ट काढणं. मध्ये मोठा नट असलेल्या क्लचमध्ये पुली धरून ठेवायचं काम बेल्टच करतो. तो काढलात की पान्याबरोबर पुलीही फिरणार. क्लच चार बोल्टच्या तबकडीवर, म्हणजे फ्लँजवर बसलेला असेल तरी तेच. बेल्ट असतानाच चारही बोल्ट थोडे थोडे सैल करून घ्या.

दुसरी चूक दिशेची. बऱ्याच इंजिनांवर इथे उलटे आटे असतात, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटणारे, काहींवर सुलटे. पाठांतर नको, डोकं लावा. पंखा हवेला रेटतो, त्यामुळे चालू इंजिनात नट मागे राहायला बघतो आणि आवळत जातो. म्हणून गाडी चालू असताना पंखा ज्या बाजूला फिरतो, त्याच बाजूला नट सुटतो. एवढं कळलं की मॅन्युअल हाताशी नसलं तरी अडत नाही.

कळंबोलीत न्हावा-शेव्याचा एक ट्रेलर असाच अडकला होता. बंदराकडच्या गाड्या, खारी हवा आणि पावसाळ्यातलं पाणी, नट गंजून बसलेला. शेजारच्या गॅरेजमधल्या नव्या मिस्त्रीला कंटेनर सुटायच्या आत काम उरकायचं होतं. बेल्ट काढून मोकळा, पुलीत मोठा स्क्रू ड्रायव्हर अडकवलेला, आणि नटाला पाईप लावून उलट्याच बाजूला जोर. स्क्रू ड्रायव्हर निसटला तो सरळ रेडिएटरच्या जाळीत. मध्ये साधा पुठ्ठाही ठेवला नव्हता. मग चिडून क्लचच्याच अंगावर हातोडा. शेवटी छिन्नीने नट फोडून क्लच निघाला, नवा बसला, गाडी गेली. काही दिवसांनी वॉटर पंपाच्या खालच्या भोकातून पाणी ठिबकायला लागलं. हातोड्याचा मार बेअरिंग आणि सीलने खाल्ला होता. क्लचच्या कामात पंप आणि रेडिएटरची दुरुस्ती मालकाच्या माथी, आणि मिस्त्री म्हणतो, ‘पंप जुनाच होता’.

माझी सवय सांगतो. संध्याकाळी आट्यांवर गंज सोडवायचं तेल मारतो, सकाळी पुन्हा. श्राउडचे, म्हणजे पंख्याभोवतीच्या कव्हरचे बोल्ट काढून तो मागे सरकवतो, रेडिएटरसमोर प्लायचा तुकडा. बेल्ट जागेवर. नटाला बरोबर बसणारा पातळ पाना लावतो आणि पान्याच्या टोकाला हातोडीचा एकच आखूड, खणखणीत टोला देतो. पान्याला, क्लचला नाही. लांब पाईपने हळूहळू दाबलं की बेल्ट घसरतो. झटक्याने आटा सुटतो. नाही सुटला तर पुन्हा तेल आणि चहा. ज्याला तेवढा दम नाही, त्याने टायर बदलावेत.

स्क्रू पाना लावू नका, नटाचे कोपरे जातात. गॅसच्या ज्योतीने नट तापवणं तर अजिबात नको: क्लचमधलं तेल बंदिस्त असतं, सील जळतात, पंपाच्या बेअरिंगमधलं ग्रीसही जातं. काढलेला क्लच पुन्हा वापरायचा असेल तर आडवा टाकू नका, गाडीत असतो तसा उभा ठेवा. आडवा राहिला की तेल झिरपतं. बसवताना आटे वायर ब्रशने साफ करा, पहिले फेरे हातानेच. अडला तर काढून पुन्हा लावा.

आणि तो ‘डायरेक्ट’ करायचा जुगाड. क्लच सुटेना की शेठ म्हणतात, वेल्डिंग मारून टाका, पंखा कायम फिरू दे. फिरतो ना! घाट चढताना ताकद खातो, थंडीत इंजिन गरम होऊ देत नाही, आणि वर डिझेल पितो. क्लच असला की वाढत्या फेऱ्यांना पंखा मागे राहतो. जाम केल्यावर इंजिनाबरोबर तेवढाच पळतो, आणि पाती त्या वेगासाठी असतीलच असं नाही. मी तसं वेल्डिंग मारत नाही. मागच्या पावसाळ्यात एकाने आग्रह धरला, त्याला म्हटलं बाहेर भरपूर दुकानं आहेत.