परतीच्या पावसात भात कापणी: आज कापाल ते उद्या उचलता आलं पाहिजे

शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण, अंबरनाथ, सगळीकडे हळवं (लवकर तयार होणारं) भात पिवळं पडलंय आणि निमगरवं (मध्यम मुदतीचं) आठ-दहा दिवसांवर आहे. मुंबई-ठाण्यातून पाऊस माघारी फिरण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर. पण तारखेवर विसंबून कोणाचं भलं झालेलं नाही. २०१९ साली दिवाळी २७ ऑक्टोबरला होती. त्याच आठवड्यात अरबी समुद्रात क्यार वादळ उठलं, पाठोपाठ महा आलं, आणि कापून पसरलेलं भात खाचरातच भिजत पडलं. तेव्हा ज्यांनी बांधावर बसून कडपे (कापून खाचरात पसरलेलं भात) उलटून पाहिले त्यांना ते आजही आठवत असेल. वरून पेंढा सोनेरी, आणि खालच्या अंगाला लोंबीतल्या दाण्यांना पांढरे कोंब फुटलेले. हात लावला की ऊब लागायची आणि आंबूस वास यायचा.

नुकसान पावसानं केलं हे खरं, पण सगळं त्यानं केलं नाही. शेजारच्या खाचरात उभं असलेलं तेच वाण थोडं लोळलं, पण बरंचसं हाती आलं. गेलं ते कापून ठेवलेलं. वर्षानुवर्षं मी हीच चूक बघतोय. सकाळी ऊन पडलं, सहा माणसं मिळाली, म्हणून दिवसभर विळा चालवायचा. उद्या हे भारे कोण बांधणार, कोण वाहणार, ठेवणार कुठे, याचा हिशेब कोणी करत नाही. म्हणून यंदा कापणीच्या आदल्या संध्याकाळी वहीचं एक पान काढा. घरात नववी-दहावीचं पोर असेल तर त्याला शेजारी बसवा. शाळेत ते बीजगणितात 'क्ष काढा' करतंच, इथे त्याचा उपयोग आहे.

आज कापायचे गुंठे म्हणजे क्ष. आता आपण रोज बोलतो तीच वाक्यं चिन्हात लिहायची. 'जास्तीत जास्त', 'याहून वर नको', 'एवढ्यातच भागवायचं' असं तोंडात आलं की ≤. 'किमान', 'निदान एवढं तरी', 'पुरलं पाहिजे' आलं की ≥. बरोबरचं चिन्ह कापणीत फारसं कामाचं नाही, कारण पाऊस, माणसं आणि जागा यांतलं काहीच आपल्याला नेमकं मिळत नाही. मिळते ती मर्यादा.

समजा आज सहा माणसं आहेत. एक माणूस दिवसाला साधारण ४ गुंठे कापतो असं मी धरतो. तुमच्या माणसांचा आकडा तुम्ही मोजा, चिखल असेल किंवा पीक लोळलं असेल तर तो तीनवर येतो. म्हणजे क्ष ≤ ६ × ४, म्हणजेच क्ष ≤ २४. बहुतेक जण इथेच थांबतात आणि २४ गुंठे आडवे करतात.

पण उद्या सहातले तीन येणार नाहीत. एक भिवंडीला गोदामात कामाला, एक अंबरनाथच्या कंपनीत दुसऱ्या पाळीला, एकाच्या स्वतःच्या शेतात कापणी. बांधून खळ्यावर नेण्याचं काम एक माणूस दिवसाला ५ गुंठ्यांचं करतो असं धरलं, तर क्ष ≤ ३ × ५, म्हणजेच क्ष ≤ १५. आणि पडवी, माळा, असलेली ताडपत्री धरून कोरड्यात १२ गुंठ्यांचेच भारे मावतात. म्हणजे क्ष ≤ १२.

आता २४, १५ आणि १२. तिन्ही अटी एकदम पाळायच्या तर सगळ्यात लहान आकडा धरावा लागतो. आज १२ गुंठेच कापा. दुपारी दोन वाजता काम संपलं, माणसं रिकामी बसलेली दिसली, तरी तेराव्या गुंठ्याला विळा लावू नका. त्या माणसांना आधी आणलेल्या भाऱ्यांच्या झोडणीला लावा, म्हणजे पडवी मोकळी होईल आणि परवाचा १२ चा आकडा १८ होईल. जागेची अट झोडणीनंच सैल होते. त्यासाठी नवी ताडपत्री घ्यायला दुकानात धावायची गरज नाही.

उभं पीक एखाद्या सरीनं भिजलं तर वाऱ्यानं सुकतं. कडपा मातीला चिकटून भिजला की सुकत नाही. एवढ्या एका कारणासाठी मी हे पुन्हा पुन्हा सांगतोय. विजा कडाडणारा दुपारचा पाऊस ऑक्टोबरात अर्ध्या तासात येतो. त्या अर्ध्या तासात १२ गुंठ्यांचे भारे झाकता येतात, २४ चे नाही.

आता सगळ्या हंगामाचं गणित. एका माणसाचं एका दिवसाचं काम म्हणजे एक माणूस-दिवस. एका गुंठ्याला कापणीसाठी १/४ माणूस-दिवस, बांधणी-वाहणीला १/५, झोडणीला १/५. मिळून ०.२५ + ०.२० + ०.२० = ०.६५. तीस गुंठ्यांना १९.५ माणूस-दिवस लागतात. मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला येतो, 'मेघदूत' अॅपवरही दिसतो. त्यात पुढचे चार दिवस कोरडे दिसले, तर रोज किती माणसं हवीत? माणसं म्हणजे न. ४न ≥ १९.५, म्हणून न ≥ ४.८७५. अपूर्णांकात माणसं कुठे मिळत नाहीत, म्हणून पाच. इथे वरचा पूर्ण आकडा घ्यायचा. उलट माणसं ठरलेली असतील, समजा पाच जण आणि कोरडे दिवस तीनच, तर ०.६५क्ष ≤ १५, म्हणजे क्ष ≤ २३.०७. इथे खालचा, २३. 'पुरलं पाहिजे' असेल तिथे वर जा, 'मावलं पाहिजे' असेल तिथे खाली या. पोरं गणितात अर्ध्याच्या वर गेलं की पुढचा आकडा घेतात, तसं इथे करू देऊ नका.

पैशाचा हिशेब करताना एक चूक नेहमी होते. हातात ९,००० रुपये आहेत. वालाच्या बियाण्याला आणि दिवाळीला निदान २,५०० राहिले पाहिजेत. मजुरी दिवसाला ५०० धरू. इथे क्ष म्हणजे विकतचे माणूस-दिवस. ९००० − ५००क्ष ≥ २५००. दोन्हीकडून ९००० वजा केले की −५००क्ष ≥ −६५००. आता उणे ५०० नं भागताना चिन्ह उलटतं आणि क्ष ≤ १३ होतं. चिन्ह उलटायला विसरलात तर वहीत 'किमान १३ मजूर' असं येईल आणि दिवाळीचे पैसे शेतात जातील. शंका आली तर १४ घालून बघा. ९००० − ७००० = २०००, म्हणजे २,५०० उरत नाहीत. उत्तर चूक की बरोबर ते लगेच कळतं. तेरा विकतचे आणि घरची दोन माणसं चार दिवस म्हणजे आठ. २१ ≥ १९.५. जमतं. पण हे दिवाळीच्या आधीच जमवा. दिवाळी झाली की आपल्याकडची कातकरी, ठाकूर कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात, मग पाचशे देऊनही माणूस मिळत नाही.

कापणी यंत्राबद्दल विचारणा खूप होते. समजा यंत्र आणायचे २,००० आणि वर गुंठ्याला १५०. हाताने गुंठ्याला ०.६५ × ५०० = ३२५. क्ष पुन्हा गुंठे. यंत्र परवडायला २००० + १५०क्ष < ३२५क्ष हवं, म्हणजे क्ष > ११.४, किमान १२ गुंठे. पण यंत्रानं पेंढ्याचा चुरा होतो. गुरं असतील तर गुंठ्यामागे ४० रुपयांचा पेंढा गेला असं धरा, मग १३५क्ष > २०००, किमान १५ गुंठे. दोघा-तिघा शेजाऱ्यांनी मिळून आणलं तर आणण्याचा खर्च वाटला जातो. दर तुमच्या गावचे घाला, रीत हीच. आणि खाचरात पाय घोट्यापर्यंत रुतत असेल तर सगळी आकडेमोड बाजूला ठेवा, यंत्र आत घालू नका.

दुकानदार या दिवसांत 'दाणा भरायचं टॉनिक' आणि 'एक शेवटची फवारणी' पुढे करतो. आठवड्यावर कापणी आलेल्या भाताला टॉनिकाचा उपयोग शून्य. फवारणीचा हिशेब तुम्हीच करा. औषध आणि मजुरी मिळून १,२०० रुपये. २०२५-२६ ची साधारण भाताची हमी किंमत क्विंटलला २,३६९, म्हणजे किलोला २३.६९. वाचणारं भात 'व' किलो धरलं तर २३.६९व ≥ १२००, म्हणजे किमान ५१ किलो वाचलं तरच पैसे सुटतात. लष्करी अळी मात्र खरंच लोंब्या कुरतडून टाकते, ती दिसली तर मोजा. चौरस मीटरला ४ ते ५ अळ्या ही नुकसानीची पातळी. पाच ठिकाणी बघायचं. चार ठिकाणी ३, ६, २, ५ निघाल्या तर बेरीज १६. सरासरी ४ व्हायला १६ + क्ष ≥ २०, म्हणजे पाचव्या जागी किमान ४. त्या निघाल्या आणि भात कापणीजोगं असेल, तर फवारू नका, कापा. माझा अंदाज असा की ढगाळ रात्रीनंतर बांधाकडच्या चुडांत अळ्या आधी दिसतात, सुरुवात तिथून करा.

बाकीची कामं:
– कापणीआधी ८-१० दिवस खाचरातलं पाणी काढा.
– ८० ते ९० टक्के दाणे पिवळे झाले की कापणी. पूर्ण वाळायची वाट नको, दाणे झडतात.
– वैभव विळ्यानं (दातेरी सुधारित विळा) जमिनीलगत कापा, धसकटातली खोडकिडीची अळी कमी होते.
– बियाण्याचं भात वेगळं झोडा, वेगळं वाळवा.
– साठवणीला ओलावा १४ टक्क्यांच्या आत.
– वालाच्या बियाण्याला पेरणीआधी थायरम (बुरशीनाशक) किलोला ३ ग्रॅम, नंतर रायझोबियम (जिवाणू खत) किलोला २५ ग्रॅम, सावलीत सुकवून लगेच पेरा.
– वीज चमकत असताना खाचरात, झाडाखाली थांबू नका.

विम्याच्या भरवशावर कापून ठेवू नका. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाची योजना राज्यात बंद झाली, भरपाई पीक कापणी प्रयोगावर (नमुन्याची शेतं कापून काढलेल्या सरासरी उत्पादनावर) बेतली आणि काढणीपश्चात नुकसानीचं कलम वगळलं गेलं. यंदाचा नियम तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या, पण कडपे भिजले तर पैसे मिळतील असं मनात धरू नका.

एवढं करूनही भिजलंच तर ढीग घालू नका. पाणी काढा, कडपे उचलून बांधावर उभे करा, लोंब्यांवर ५ टक्के मिठाचं पाणी फवारा, लिटरला ५० ग्रॅम साधं मीठ. झोडलेलं ओलं भात ऊन नसल्यामुळे साठत असेल तर क्विंटलमागे १ किलो मीठ आणि २० किलो कोरडा तूस मिसळा. आंध्रच्या कृषी विद्यापीठाची ही शिफारस आहे. मीठ-तुसाला शंभराच्या आसपास खर्च येतो आणि कोंब येणं काही दिवस थांबतं. दुकानातली 'कोंबरोधक' बाटली घेण्याआधी हे करून बघा.

ओलं भात दारात घ्यायला व्यापारी येतोच. २२ टक्के ओलाव्याचं १०० किलो भात वाळून १७ टक्क्यांवर आलं की ९४ किलो भरतं (७८ ÷ ०.८३). सरकारी खरेदीत १७ टक्क्यांपर्यंतचा ओलावा चालतो. शहापूर-मुरबाडकडे आदिवासी विकास महामंडळाची केंद्रं असतात. ९४ × २३.६९ म्हणजे सुमारे २,२२७ रुपये. वाळवणी आणि गाडीभाडं समजा १५०. मग ओल्या क्विंटलला व्यापाऱ्याचा भाव ≥ २,०७७ असेल तर द्या. १,८०० म्हणाला तर ताडपत्री पसरा आणि दोन उन्हं द्या. ऊन पडणारच नसेल आणि ढिगात हात घातल्यावर ऊब लागत असेल, तर मात्र तो सांगेल त्या भावाला त्याच संध्याकाळी विका.