जाल्लोतली बाई नीट पाहायची तर

जाल्लो म्हणजे पिवळा. मोंदादोरी या इटालियन प्रकाशनाने १९२९ पासून रहस्यकथा पिवळ्या वेष्टनात काढल्या आणि पुढे त्या धर्तीच्या थरारपटांनाही तेच नाव चिकटलं. काळे हातमोजे, चकाकता वस्तरा, किंचाळणारी सुंदर बाई, एवढ्यावरच बहुतेकांचं पाहणं थांबतं. पण यातल्या कितीतरी सिनेमांत बाई साक्षीदार असते. तिने काहीतरी पाहिलेलं असतं आणि कुणी तिच्यावर विश्वास ठेवत नाही. कथा चालते ती या अविश्वासावर. ते दिसायला आधी योग्य प्रत हवी, मग योग्य आवाज, आणि प्रत्येक सिनेमा दोनदा पाहायची तयारी.

प्रतीपासून सुरुवात करा, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. दिग्दर्शक दारिओ आर्जेंतोचा ‘प्रोफोंदो रोस्सो’ (१९७५) इटलीत सुमारे १२६ मिनिटांचा होता. परदेशी प्रतीतून वीसेक मिनिटं कापली गेली आणि कात्री मुख्यतः चालली ती दारिया निकोलोदीने साकारलेल्या पत्रकार जान्नावर. पंजा लढवण्यात नायकाला हरवणारी, त्याला आपल्या खटारा गाडीत मोडक्या, खाली घसरलेल्या सीटवर बसवणारी ही बाई कापलेल्या प्रतीत जवळजवळ शोभेपुरती उरते. तेव्हा सिनेमा लावण्याआधी लांबी तपासा. शंभर मिनिटांच्या आसपास असेल तर ती प्रत सोडा. पूर्ण प्रत इंग्रजी आवाजात लावली की काही प्रसंग मध्येच इटालियनमध्ये जातात. हा बिघाड नाही. त्या प्रसंगांचं इंग्रजी डबिंग झालंच नव्हतं.

मारिओ बावाच्या ‘ला रागात्सा के सापेवा त्रोप्पो’चंही (१९६३) असंच आहे. अमेरिकी आवृत्तीत विनोद वाढवला आणि संगीतही बदललं. इटालियनच पाहा.

यातली कुठलीतरी एक भाषा ‘मूळ’ आहे, हा आवाजाबद्दलचा गैरसमज आधी काढून टाका. हे सिनेमे बहुतेक मुके चित्रित होत, नट आपापल्या भाषेत बोलत आणि संवाद नंतर स्टुडिओत भरले जात. म्हणून ओठ कुठल्याच भाषेत पूर्ण जुळत नाहीत. ‘ला मास्केरा देल देमोनिओ’त (१९६०) बार्बरा स्टील चेटकीण आसा आणि निष्पाप कात्या अशा दोन्ही भूमिकांत आहे, पण ऐकू येतो तो आवाज तिचा नाही. तिचा अभिनय जोखायचा तर दहा मिनिटं आवाज बंद करून फक्त डोळे आणि मान पाहा. दोन बायका तिथेच वेगळ्या होतात. सबटायटल्स मात्र इटालियन संवादांवरून केलेली निवडा. इंग्रजी डबिंगची वाक्यं इटालियन आवाजाखाली चालवली की अर्थ सरकतो.

क्रम असा धरा: आधी ‘ला रागात्सा’, मग फॅशन हाऊसमध्ये घडणारा ‘सेई दोन्ने पेर लास्सास्सीनो’ (१९६४), त्यानंतर एडविज फेनेक या नटीचे दोन, ‘लो स्त्रानो वीत्सिओ देल्ला सिन्योरा वार्ध’ (१९७१) आणि ‘तुत्ती इ कोलोरी देल बुइओ’ (१९७२). ‘प्रोफोंदो रोस्सो’ यांच्यानंतर. दिवसाला एकच पुरे. लागोपाठ तीन पाहिले की खून एकमेकांत मिसळतात आणि त्यातली माणसं विसरली जातात.

पहिल्यांदा नुसता पाहा. दुसऱ्यांदा वही घ्या आणि चार रकाने आखा: मिनिट, तिने काय पाहिलं, कुणाला सांगितलं, काय उत्तर मिळालं. ‘ला रागात्सा’मध्ये रोमच्या पियाझ्झा दी स्पान्याजवळ नोरा खून पाहते, आणि इस्पितळातले डॉक्टर तिला दारू चढली होती असं धरून चालतात. ‘तुत्ती इ कोलोरी’तल्या जेनच्या हाती तिचा जोडीदार गोळ्या ठेवतो. चौथा रकाना भरत गेला की सिनेमाचा खरा धाक कुठे आहे ते कळतं. हातमोज्यांवरून मात्र खुनी बाई की पुरुष हे ठरवू नका. आर्जेंतोच्या अनेक सिनेमांत ते हात खुद्द दिग्दर्शकाचे आहेत.

वहीच्या मागच्या पानावर काही साली लिहून ठेवा. बायकोचा व्यभिचार हा गुन्हा इटलीच्या घटनात्मक न्यायालयाने १९६८ मध्ये रद्द केला. घटस्फोटाचा कायदा डिसेंबर १९७० मध्ये आला आणि १९७४ च्या सार्वमतात टिकला. ‘अब्रूसाठी’ केलेल्या खुनाला शिक्षेत मिळणारी सूट १९८१ पर्यंत होती. नवरा, जुना प्रियकर आणि नवा प्रियकर यांच्यात अडकलेली ज्युली वार्ध, म्हणजे फेनेकची ‘सिन्योरा वार्ध’, या सालींशेजारी ठेवून पाहा.

श्रेयनामावली पळवू नका. ‘सिन्योरा वार्ध’चं संगीत नोरा ऑर्लांदीचं आहे. संगीतकार एन्निओ मोरिकोनेच्या संगीतातला शब्दांविना तरळणारा तो स्त्रीस्वर बहुतेकदा एद्दा देल्लोर्सोचा असतो. आर्जेंतोच्या ‘सुस्पीरिया’च्या (१९७७) पटकथेत निकोलोदीचा वाटा आहे.

लुचिओ फुल्चीचा ‘नोन सी सेवीत्सिया उन पापेरीनो’ (१९७२) सगळ्यात शेवटी ठेवा, आणि मुलं झोपल्यावरच लावा. फ्लोरिंडा बोल्कानने साकारलेली माचारा गावाच्या लेखी चेटकीण आहे. कबरस्तानात पुरुष तिला साखळ्यांनी मारतात तेव्हा गाडीच्या रेडिओवर ऑर्नेल्ला वानोनीचं प्रेमगीत सुरू असतं. नको वाटलं तरी आवाज कमी करू नका, कारण हा प्रसंग त्या गाण्यावरच उभा आहे. नंतर ती सरपटत महामार्गापर्यंत पोचते. तिथे तिच्यावरची नजर काढा आणि जाणाऱ्या गाड्यांकडे पाहा. त्या थांबत नाहीत.