वर्गात समानुभूती शिकवताना या चुका टाळा

समानुभूती म्हणजे दुसऱ्याला काय वाटतंय, ते त्याच्या जागी जाऊन समजून घेणं. भांडण झालं की मुलांना समोरासमोर उभं करून 'सॉरी' म्हणायला लावणं, ही वर्गातली नेहमीची चूक. एकाने दुसऱ्याची वही फाडलेली असते. फाडणारा जमिनीकडे बघत 'सॉरी' पुटपुटतो, दुसरा डोळे पुसत 'ठीक आहे' म्हणतो आणि तास सुरू होतो. पहिल्याला कळतं की एका शब्दात सुटका होते. दुसऱ्याला कळतं की आपल्याला काय वाटलं, हे इथे कुणी विचारत नाही.

त्याऐवजी आधी दोघांनाही शांत होऊ द्या. रागाने धुमसणाऱ्या मुलाला 'त्याच्या जागी तू असतास तर?' असं विचारलं, तर तो त्याला टोमणाच वाटतो. थोड्या वेळाने दोघांना बाजूला घ्या आणि ज्याची वही फाटली त्याला आधी बोलू द्या. मग दुसऱ्याला विचारा, 'तो काय म्हणाला, ते तुझ्या शब्दांत सांग बरं.' हे जमलं की पुढचा प्रश्न: 'आता काय केलंस तर त्याला बरं वाटेल?' पानं चिकटवून देतो, बुडालेला अभ्यास उतरवून देतो, असं काहीतरी मूल बहुतेक वेळा स्वतःच सुचवतं. माफी त्यानंतर आली तर मनापासून येते, आणि नाही आली तरी नुकसान भरून काढायला सुरुवात झालेली असते. यात वेळ जातो, पण समानुभूतीवरच्या भाषणापेक्षा मुलं यातून जास्त शिकतात, असं माझं ठाम मत आहे.

भावनांची ओळख आनंद, दुःख आणि राग यांच्यावरच थांबवू नका. हिरमोड, अपमान, मत्सर, धास्ती, एकटं पडल्यासारखं वाटणं हे वेगवेगळं ओळखता आलं नाही, तर मूल सगळ्यालाच 'राग आला' म्हणतं आणि तसंच वागतं. मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये मोठ्या माणसांवर केलेल्या अभ्यासात, चित्रातल्या चेहऱ्यावरच्या भावनेला नाव देताना मेंदूतल्या अमिग्डाला या भीतीसारख्या तीव्र भावनांशी जोडलेल्या भागाची प्रतिक्रिया कमी झालेली दिसली. यासाठी वेगळा तास लागत नाही. भाषेचा धडा वाचताना मध्येच थांबा: 'आत्ता तिला काय वाटत असेल? कशावरून?' यातलं 'कशावरून' सोडू नका, नाहीतर मुलं सरांना हवं ते उत्तर देऊन मोकळी होतात.

मुलांना गोल करून बसवायचं आणि एकेकाला मन मोकळं करायला लावायचं, हेही टाळा. 'मला आज बोलायचं नाही' म्हणायची मुभा हवी, आणि बोललेलं कुणी चिडवायला वापरलं तर तिथल्या तिथे थांबवायला हवं. घरातल्या मारहाणीसारखं काही समोर आलं तर 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. मुलाला विश्वासात घेऊन समुपदेशकांपर्यंत किंवा मुख्याध्यापकांपर्यंत पोहोचा.

समानुभूतीला गुण देऊ नका. मुलं लगेच अभिनय शिकतात.

'अभ्यासक्रम मागे पडेल' ही भीती मात्र सोडून द्या. जोसेफ डर्लक आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये भावना ओळखायला, सांभाळायला आणि इतरांना समजून घ्यायला शिकवणाऱ्या 213 शालेय कार्यक्रमांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात 2 लाख 70 हजारांहून जास्त विद्यार्थी होते. भाग न घेतलेल्या मुलांच्या तुलनेत भाग घेतलेल्या मुलांची शैक्षणिक कामगिरी सरासरी 11 पर्सेंटाईलने, म्हणजे शंभर मुलांच्या क्रमवारीत साधारण 11 जागांनी, वर गेली होती. टप्प्याटप्प्याने शिकवलेले आणि मुलांकडून प्रत्यक्ष सराव करून घेणारे कार्यक्रम जास्त परिणामकारक ठरले. वर्षातून एकदा पाहुणे बोलावून दिलेल्या व्याख्यानाकडून ती अपेक्षा ठेवू नका.

एवढं करूनही एखादं मूल दुसरा रडत असताना हसतं. 'याला काही वाटतच नाही' असा शिक्का मारू नका. घाबरल्यावर किंवा काय करावं ते न कळल्यावरही मुलं हसतात. त्याला एकट्याला विचारा, 'तो रडायला लागला तेव्हा तुझ्या पोटात कसं झालं?' उत्तर पहिल्यांदा 'काही नाही' असंच येईल. दोन-चार दिवसांनी पुन्हा विचारा.