शेजारी देशांची कस्टम्स युनियन जमवायचीय? मग दराचा तक्ता शेवटी उघडा

आपसात ड्युटी (आयात कर) नाही आणि बाहेरून येणाऱ्या मालाला सगळ्यांची एकच ड्युटी, एवढीच कस्टम्स युनियन. बोलायला दोन मिनिटं, जमवायला वर्षं. उदाहरण पूर्व आफ्रिकेचं घेतो, केनिया, युगांडा, टांझानिया, कारण यांचं एकदा मोडलंय आणि परत जमलंय.

सगळ्यात आधी एकच प्रश्न टेबलावर ठेवा, यात जास्त कमावणार कोण? तिथं उत्तर सगळ्यांना पाठ होतं, केनिया, कारण कारखाने त्यांच्याकडे. १९७७ ला या तिघांचा जुना गट, ईस्ट आफ्रिकन कम्युनिटी, फुटला त्याला टांझानियाचे अध्यक्ष न्येरेरे आणि युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन यांचं वाकडं होतंच, पण मलई केनियाच खातो ही खदखदही होती. म्हणून मार्च २००४ ला नवा करार झाला तेव्हा असं ठरलं की बाकी दोघांचा माल केनियात जानेवारी २००५ पासून ड्युटीशिवाय जाणार, पण केनियाचा ठराविक माल उलटा जाताना ड्युटी भरणार, युगांडात १० टक्क्यांपासून सुरू होऊन दरवर्षी २ टक्के कमी, २०१० ला शून्य. थोरल्याने आधी खिशात हात घालायचा. तो कुरकुरणारच, कुरकुरू द्या, पण तारखा लिहून घ्या, करारात 'टप्प्याटप्प्याने' एवढंच आलं की कल्याण झालं समजा. आपल्याकडे जीएसटी आला तेव्हा राज्यं तरी कशी तयार झाली, पाच वर्षं महसुलात दरवर्षी १४ टक्के वाढ धरून भरपाईची हमी मिळाली तेव्हाच ना. मुंबईची जकात गेली तेव्हा पालिकेलाही भरपाई द्यावी लागली.

आता बाहेरचा दर. त्यांनी तीन पायऱ्या केल्या, कच्चा माल ० टक्के, अर्धा तयार १०, पक्का २५. पायऱ्या कमीच बऱ्या, नाहीतर प्रत्येक उद्योगवाला आपली वस्तू वरच्या पायरीत ढकलायला येतो. खरी मारामारी सेन्सिटिव्ह लिस्टवर होते, म्हणजे घरच्या उत्पादकांना सांभाळायला पायऱ्यांपेक्षा जास्त ड्युटी लावायच्या वस्तूंची यादी, साखर १०० टक्के, तांदूळ ७५. ही लिस्ट टळत नाही, फक्त तिला शेपूट फुटू देऊ नका. तिथं काय झालं, दरवर्षी देश 'यंदा या वस्तूला आमचा दर वेगळा' अशी सूट मागून घेतात, केनिया तांदळाला ७५ ऐवजी ३५ लावतो, आणि जुलै २०२२ पासून ३५ टक्क्यांची चौथी पायरीही आली. सूट द्यायचीच तर मुदत आणि मर्यादा पहिल्याच दिवशी बांधा, हे माझं मत.

पैसा कुणाचा हेही तेव्हाच ठरवा. जहाज लागतं केनियाच्या मोंबासा बंदराला, माल जाणार युगांडाच्या राजधानीत, कंपालाला, मग ड्युटी केनियाने का ठेवावी? २०१४ पासून युगांडाचे कस्टम्स अधिकारी मोंबासातच बसतात, पैसे युगांडाला भरले की मगच ट्रक सुटतो.

आणि हो, कोण आधीच कुठल्या गटात आहे ते बघा. टांझानिया साडेकमध्ये (SADC, दक्षिण आफ्रिका खंडातल्या देशांचा गट), केनिया-युगांडा कोमेसामध्ये (COMESA, पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या देशांचा व्यापारी गट). एकाच बॉर्डरवर बाहेरचे दोन दर लावता येत नाहीत.

छोट्या व्यापाऱ्यांना विसरू नका. केनिया-युगांडा सीमेवरच्या बुसियाला डोक्यावर गाठोडं घेऊन बॉर्डर ओलांडणाऱ्या बाईला माल कुठे बनला याचा सर्टिफिकेट काढायला राजधानीत पाठवणार का? तिथं २००० डॉलरपर्यंतच्या मालाला साधा फॉर्म आहे, नाक्यावरच शिक्का मारून मिळतो.