सांगलीच्या सांडपाण्यातनं नशेचं प्रमाण कसं काढायचं

घरोघरी जाऊन 'तुम्ही गांजा ओढता का' असं विचारलं तर सांगलीत हो कोण म्हणणार? म्हणून ही दुसरी रीत. शरीरात गेलेला पदार्थ थोडा तसाच आणि थोडा रूप बदलून लघवीतनं बाहेर पडतो आणि ड्रेनेजला येतो, तोच मोजायचा. २००१ साली अमेरिकेच्या ख्रिश्चन डॉटन यांनी ही कल्पना मांडली, २००५ ला इटलीत पो नदीच्या पाण्यात आणि सांडपाण्यात कोकेनचा अंश मोजला गेला, आणि २०११ पासून युरोपातली शहरं दरवर्षी ठरलेल्या आठवड्यात हेच करतात.

मोजायच्या मशीनचं टेन्शन घेऊ नका, खरी डोकेदुखी म्हणजे पाणी नक्की किती लोकांचं आहे हे ठरवणं. आपल्याकडं निम्म्या गल्ल्या सेप्टिक टँकवर, काही उघड्या गटारीवर, त्यात शेरीनाल्याला कुठनं काय येऊन मिळतंय ते नाल्यालाच माहीत. म्हणून नाल्यात बाटली बुडवून काही उपयोग नाही. महापालिकेची परवानगी काढून पंपिंग स्टेशन किंवा एसटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या) इनलेटलाच, म्हणजे पाणी आत येतं तिथंच सँपल घ्या, तिथं रोजचा फ्लो एमएलडीमध्ये (दिवसाला दशलक्ष लिटर) लिहिलेला असतो आणि कुठला भाग जोडलाय तेही ड्रेनेज विभागाकडनं कळतं. २०११ च्या जनगणनेचा सांगली-मिरज-कुपवाडचा पाच लाखांचा आकडा आहे तसा भागाकारात घालू नका, जोडलेली घरंच धरा आणि पाण्यातल्या, मुख्यतः लघवीतनं येणाऱ्या अमोनियावरनं ताळा करून बघा. मॅनहोलमध्ये उतरायचा विचारसुद्धा नको, गॅसनं माणूस जागेवर जातो.

एकच बाटली भरली तर ती फक्त त्या घटकेचं सांगते. २४ तासांचं मिश्र सँपल लागतं. ऑटोसँपलर (आपोआप सँपल घेणारं यंत्र) नसला तर दर तासाला पाणी घ्या आणि फ्लोच्या प्रमाणात मिसळा, म्हणजे सकाळी सातला नळ सुटल्यावर लोंढा येतो तेव्हा जास्त मिली आणि पहाटे तीनला थोडंसंच. सगळं बर्फाच्या पेटीत, बाटलीवर तारीख-वेळ पेन्सिलनं, कारण पेनाची शाई ओलाव्यानं पसरते. असे सलग सात दिवस घ्यायचे, शनिवार-रविवार धरून. पावसाळा आणि गणपती टाळा.

पुढं लॅबमध्ये गाळून, कार्ट्रिजवर पदार्थ अडकवून मास स्पेक्ट्रोमीटरला (पदार्थ ओळखून मोजणाऱ्या मशीनला) लावतात. यातल्या बऱ्याच पदार्थांची स्टँडर्ड्स (तुलनेसाठी लागणारे शुद्ध नमुने) एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात येतात, त्यामुळं परवाना असलेलीच लॅब धरा. गांजासाठीचं सँपल मात्र वेगळ्या बाटलीत आणि ॲसिड न घालता द्या, त्याचा अंश गाळाला नि बाटलीला चिकटून बसतो आणि ॲसिडनं अजूनच चिकटतो.

हिशोब सोपा आहे. लिटरमागं नॅनोग्रॅम गुणिले एमएलडी म्हणजे थेट दिवसाचे मिलिग्रॅम. समजा २००० नॅनोग्रॅम आले, फ्लो २० एमएलडी, तर ४०,००० मिलिग्रॅम, आणि लोक एक लाख असतील तर हजार माणसांमागं रोज ४००. यावरनं मूळ पदार्थ किती घेतला ते काढायला, शरीरातनं किती टक्के बाहेर पडतो त्याचा फॅक्टर लावावा लागतो.

माझं म्हणणं, पहिल्यांदा निकोटीनपासनंच सुरू करा. त्याचं शरीरात कोटिनीन होतं, ते सांडपाण्यात टिकतं आणि सापडतंही भरपूर, म्हणजे सगळी पद्धत तपासून होते. पण त्यात आजीची मिश्री, पोरांचा मावा आणि सिगरेट सगळं एकत्रच दिसणार, वेगळं करता येत नाही.

हेरॉइनचं शरीरात मॉर्फिन होतं, पण मॉर्फिन दिसलं की लगेच हेरॉइन म्हणून ओरडू नका. मिरजेत दवाखाने किती आहेत बघा, पेशंटला दिलेलं मॉर्फिनही त्याच पाइपातनं येतंय, आणि कोडीनच्या खोकल्याच्या औषधाचंही शरीरात थोडं मॉर्फिन होतं. एमडीचं (मेफेड्रोन) तर अजून अवघड. २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुपवाडातनं एमडीचा साठा पकडला होता, तसला माल कुणी भीतीनं गटारात ओतला तर एका दिवसात आकडा आभाळाला भिडणार. म्हणून मूळ पदार्थाबरोबर शरीरात तयार होणारी त्याची रूपंही मोजा, नुसताच मूळ पदार्थ ढीगभर आणि बाकी काहीच नाही असं दिसलं तर तो लोकांनी घेतलेला नाही, ओतलेला आहे.

आकडे जाहीर करताना अख्ख्या पंपिंग स्टेशनचेच द्या. एखादं हॉस्टेल किंवा एकच वस्ती धरून सँपल घेतलं की उद्या तिथल्या पोरांना भाड्यानं खोली मिळायची नाही.